मावशी आणि आत्या यांच्या मधे

तुर्की दुकानातून आणलेली कोथिंबीर निवडत मी भाचीच्या स्वयंपाकघरात बसले होते. स्टुटगार्टमधली दुपार, धड ऊन नाही की धड पाऊस नाही. जावई लॅपटॉप घेऊन आला आणि काड्यांचा ढीग बाजूला सारून त्याने तो माझ्यासमोर ठेवला.

"मावशी, तुम्ही त्रयस्थ आहात. यातली कोणती घेऊ, सांगा."

पडद्यावर दोन गाड्या होत्या. दोन्ही पोर्शे केमन नावाच्या स्पोर्ट्स कार, दोन्ही सेकंडहँड, दोन्ही राखाडी. "अरे, या एकच आहेत की," मी म्हटलं. जुळ्यांच्या आईला कोणी असं म्हटलं तर तिचा चेहरा होईल तसा त्याचा झाला. फरक सीटचा होता. एकीची सीट अठरा प्रकारे हलते. कमरेशी फुगते, मांडीखाली लांब होते, दोन्ही बाजूंनी हवी तेवढी आवळून घेते. दुसरीची म्हणजे कार्बन फायबरचं नुसतं टणक कवच, आतून जेमतेम गादी चिकटवलेली. पुढेमागे सरकते, पण पाठ काही रेलत नाही. आणि या दुसरीसाठी लोक वर जास्तीचे पैसे मोजतात म्हणे.

"तीन आठवडे घरात हेच चाललंय," भाची ओट्यापाशून म्हणाली. "लग्नाचा हॉल याने दहा मिनिटांत ठरवला होता."

हा प्रश्न माझ्याकडे यावा यात नवल नाही. बसण्याच्या बाबतीत मी खडूस आहे, हे आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. एस.टी.त चाकावरची सीट मिळाली की गुडघे हनुवटीला लागतात, म्हणून मी आख्खी गाडी सोडून पुढच्या गाडीची वाट बघितलेली आहे. खिडकीतून टाकायला माझा वेगळा रुमाल असे, मोठ्या चौकड्यांचा, लांबूनही ओळखू येणारा. नाटकाला, लग्नाला, डॉक्टरकडे, सगळीकडे माझ्या पिशवीत सावरीच्या कापसाची छोटी उशी असते. बँकेत काउंटरमागे माझी एक खुर्ची होती. तिचा डावा हात किंचित सैल होता आणि माझं कोपर त्याच्यावर बरोबर बसायचं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं. मला खरं तर ती खुर्ची हवी होती, पण मागायचा धीर झाला नाही. आता तिच्यावर कोण बसतं कोण जाणे. सैल हात दुरुस्तही करून टाकला असेल.

तर शनिवारी आम्ही तिघं गाड्या बघायला निघालो. स्टुटगार्ट हे गाव खोलगट आहे. भोवती द्राक्षमळ्यांच्या टेकड्या आणि मधल्या खळग्याला इथले लोक केसेल म्हणतात, म्हणजे हंडा किंवा कढई. भाचीचं घर वर, पठारावर, त्यामुळे गावात उतरायचं म्हणजे नोये वाइनश्टायगे नावाचा वळणावळणाचा रस्ता. घाट म्हणायला मी तयार नाही, पण माझा हात आपोआप वरच्या कडीकडे गेला. जावयाचं लक्ष होतंच.

"बघा, तुम्ही कडी का धरलीत? कारण ही सीट तुम्हाला धरत नाहीये."

मग त्याने मला वळणाचं गणित सांगितलं. गाडी वळते, आपलं अंग मात्र सरळच जायला बघतं. सपाट सीटवर बसलेला माणूस मग गुडघा दाराला टेकवतो, पोट आवळतो आणि नकळत स्टिअरिंगला लटकतो. म्हणजे ज्या हातांनी गाडी वळवायची, तेच हात स्वतःला सावरण्यात गुंतलेले. सीटने बरगड्या आणि मांड्या दोन्ही बाजूंनी घट्ट धरल्या की हात मोकळे होतात, शिवाय गाडी खालून काय सांगतेय ते पाठीला कळतं. "स्टिअरिंग वळवायला असतं मावशी, लोंबकळायला नाही." फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरची सीट तर म्हणे त्याच्या अंगाच्या मापावरच ओततात. फेसाच्या मऊ मसाल्यात त्याला बसवायचं, मसाला घट्ट झाला की त्याच्या पाठीचा साचा तयार. दुसऱ्या कोणाला त्या सीटचा काडीचा उपयोग नाही. हे ऐकून मला त्या ड्रायव्हरचा हेवा वाटला. रुमाल टाकायची गरजच नाही.

या सगळ्याचं मूळही याच गावात निघालं. विल्हेल्म रॉयटर नावाच्या माणसाने १९०६ साली स्टुटगार्टमधे बग्ग्या-गाड्यांचे सांगाडे बांधायचा कारखाना काढला. पुढे पोर्शेच्या ३५६ या गाडीचे सांगाडे त्याच कारखान्यात होऊ लागले. १९६३ साली पोर्शेने सांगाड्यांचं काम विकत घेतलं आणि रॉयटरांकडे उरल्या त्या सीटा. त्यांनी आडनावाची (Reutter) पहिली दोन अक्षरं घेतली, कारोसेरी (Carosserie) म्हणजे गाडीचा सांगाडा, या शब्दाची पहिली चार घेतली आणि रेकारो (Recaro) असं नाव लावलं. दोन वर्षांत त्यांची स्पोर्ट सीट बाजारात आली. भाऊबंदकीत शेती दुसऱ्याकडे गेली आणि वाट्याला आलेल्या आंब्याच्या चार झाडांवर एखाद्याने नाव काढावं, तसं काहीसं. विमानांच्या सीटाही त्याच नावाची कंपनी बनवते, हे ऐकल्यावर मी गप्प बसले. मुंबईहून येताना विमानात माझ्या पाठीचं काय झालं होतं ते मला आठवलं. त्या सीटा कोणाच्या होत्या ते मी वाचलं नव्हतं. उगाच कोणावर आळ घ्यायला नको.

"आणि वजनही कमी होतं," जावई म्हणाला. बीएमडब्ल्यूच्या एम३ आणि एम४ला अशा कार्बनच्या सीटा मिळतात, त्यांनी म्हणे ९.६ किलो वाचतात. हे तो मला सांगत होता. मी त्यांच्याकडे येताना बॅगेत मेतकूट, भाजणी, लाडू, गूळ मिळून जवळजवळ तेवढंच वजन आणलं होतं आणि ते याने एकट्याने निम्मं संपवलं होतं. त्या बीएमडब्ल्यूच्या सीटचा फोटो भाचीने मोबाइलवर दाखवला. तिला दोन मांड्यांच्या मधे चक्क कार्बनचा उंचवटा आहे. नऊवारी नेसून बसता येईल. पाचवारीत अशक्य.

विक्रेता मुलगा हसतमुख होता. आधी अठरावाली. बसले, छान होती, डॉक्टरांच्या दवाखान्यात असावी तशी. बटणं दाबली की आतून घुंईऽ आवाज करत काहीतरी पाठीला शोधत यायचं. जावयाने शेजारी बसून हौसेने अठराच्या अठरा प्रकार करून दाखवले. मी जत्रेत पाळण्यात बसल्यासारखी बसले होते.

मग दुसरी. तिला इथे शालेनझिट्झ म्हणतात. शाले म्हणजे टरफल, वाटी, करवंटी. सलवार-कुडता होता म्हणून निभावलं. आधी बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, असं त्या मुलाने हातवारे करून सांगितलं. सीटची कड मांडीला अशी लागली की विळीच्या पाटावर चुकून भलतीकडे बसले असं वाटलं. मग तोल गेला आणि मी आत पडलेच. बसले असं म्हणता येणार नाही. पडले. आणि दोन्ही बाजूंनी एकदम धरली गेले.

अठरावालीत पाठ कुठे आहे, मान कुठे आहे, असं सगळं सुटं सुटं कळत होतं. इथे काहीच कळेना. डावीकडून दाब, उजवीकडून दाब, हलायला जागा नाही आणि हलावंसंही वाटेना. हे मला माहीत होतं. हे मला फार पूर्वीपासून माहीत होतं.

कुंभार्ली घाट! मे महिना, बाबांची फिएट. पुढे एकसंध लांब सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बाबा, आई आणि दोघांच्या मधे धाकटा भाऊ. मागे उजव्या खिडकीशी आत्या, डाव्या खिडकीशी मावशी, मधे मी. या दोघींचं एका बारशापासून बोलणं नव्हतं. कारण कोणालाच नीट माहीत नव्हतं, वाटीचमच्याचं काहीतरी होतं. दोघींच्या मधे भिंत हवी म्हणून मला बसवलेलं. पट्टा नावाची गोष्ट त्या गाडीत नव्हती आणि रेक्झिनची सीट उन्हाने तापून गुळगुळीत झालेली.

कोयनानगर मागे पडलं, घाट सुरू झाला की माझी घसरगुंडी सुरू. डावं वळण आलं की मी आत्याच्या अंगावर. डांबरगोळ्यांचा वास, तिच्या पाटल्या दंडात रुततायत. उजवं वळण आलं की मावशीच्या अंगावर. पावडरचा आणि आलेपाकाचा वास. दोघी ऐसपैस. मी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जात्यातल्या दाण्यासारखी फिरत होते. पुढे बाबा स्टिअरिंगला चक्क लोंबकळत होते. जावयाने तेव्हा बघायला हवं होतं. आईचा एक हात भावाच्या छातीवर आडवा आणि दुसरा डॅशबोर्डवर. चिपळूणला पोचेपर्यंत त्या हाताने काही खाली यायचं नाव घेतलं नाही.

मधे कुठेतरी मला मळमळायला लागलं. तेव्हा आत्या कोणाकडे न बघता म्हणाली, "जरा सरकून बसायला सांगा तिकडे." आणि मावशी, तीही खिडकीबाहेर बघत, माझ्याकडे सरकली. आत्या इकडून सरकली. मी दोघींच्या मधे अशी पक्की बसले की पुढच्या वळणाला हललेच नाही. गाडी वळली, डोंगर फिरला, दरी या खिडकीतून त्या खिडकीत गेली आणि मी जागच्या जागी. मळमळ थांबली. मला झोपच लागली. उठले तेव्हा अलोरे आलं होतं आणि आत्या मावशीला म्हणत होती, "हिचं डोकं तुमच्याकडे आहे तर जरा आधार द्या." त्या दोघींमधलं बारशानंतरचं ते पहिलं वाक्य. चारेक वर्षं तरी झाली असतील.

पुढे कितीतरी वर्षांनी त्याच घाटाने उलटं वर यायचं होतं. रात्र होती. ॲम्ब्युलन्सची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून शेजाऱ्यांची गाडी काढलेली. चिपळूणहून कराडच्या दवाखान्यात. मागच्या सीटवर मी आणि माझ्या अंगावर रेललेली आत्या. ती तेव्हा ऐसपैस राहिली नव्हती. पाटल्या काढून आईकडे दिलेल्या. मी एक पाय पुढच्या सीटला लावला, पाठ दाराला टेकवली आणि तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. वळण आलं की आधी मी आवळून धरायची, मग गाडी वळायची. ड्रायव्हर चांगला होता, हळू घेत होता, तरी वळणं काही कमी होत नाहीत. एका वळणावर ती अर्धवट झोपेत पुटपुटली, "नीट बस गं, घसरशील."

"बेक्वेम?" विक्रेता मुलगा दारातून वाकून विचारत होता. आरामशीर आहे ना?

मी "या, या" म्हटलं. माझं जर्मन तेवढंच.

बाहेर निघणं हा वेगळा प्रकार. आत पडायला एक सेकंद लागला होता, बाहेर यायला दोन माणसं. जावयाने हात धरला, भाचीने पाठीला टेकू दिला, विक्रेता मुलगा सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिला. उभी राहिले तेव्हा मांडीवर कडेचा वळ उठला असणार, असं वाटलं. घरी येऊन बघितलं तर खरोखरच होता.

"मग, मावशी?" परतीच्या वाटेवर जावई विचारता झाला. मी म्हटलं, करवंटी घे. भाची मागे वळून माझ्याकडे बघायला लागली, कारण ज्या बाईने चाकावरच्या सीटपायी गाड्या सोडल्या तिने हे म्हणावं हे तिला पटेना. कारण विचारलं तर मी वजनाचं सांगितलं. ९.६ किलो. ते दुसऱ्या कंपनीचं आहे, हे जावयाने लगेच दुरुस्त केलं.

त्याने शेवटी अठरावाली घेतली. कंबर, रोजचं ऑफिस, भाचीची नाराजी, सगळं धरून तेच शहाणपणाचं होतं. गाडी पुढच्या आठवड्यात यायची आहे. तिला मागे सीटच नाहीत, त्यामुळे मला कुठे बसवणार हा प्रश्न आहेच. मी उशी घेऊन यू-बानने, म्हणजे इथल्या शहरातल्या रेल्वेने, जाईन. तिथे चाकावरची सीट कुठली ते अजून माझ्या लक्षात आलेलं नाही.