आमचा एसटीपी, चार कोटेशनं आणि एक भागाकार

आमची पुण्यात धायरीतली १६० फ्लॅटची सोसायटी. बिल्डरने ताबा देताना बेसमेंटमधल्या एसटीपीची, म्हणजे मैलापाणी शुद्ध करायच्या प्लँटची, किल्ली दिली आणि तो गेला. पहिली दोन वर्षं आम्हाला एवढंच माहीत की खाली एक मशीन आहे, त्याचं लाईट बिल येतं आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये सडक्या अंड्यासारखा वास येतो. आलेलं मैलापाणी थोडंफार फिरवून ड्रेनेजला सोडून द्यायचे, आणि फ्लशला टँकरचं पाणी. म्हणजे प्यायच्या लायकीचं पाणी विकत घ्यायचं आणि संडासात ओतायचं, असं आम्ही रोज करत होतो. मला हे कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं कारण उन्हाळ्यात समोरच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन रांगेत असतात ते मी रोज गॅलरीतून बघते.

एजीएममध्ये विषय निघाला आणि तिघांची समिती झाली. मी आयुष्यभर अकाउंट्समध्ये काम केलं म्हणून हिशोब माझ्याकडे आला. पंप, ब्लोअर मला काहीच कळत नव्हतं, त्यामुळे पहिला महिना मी रोज सकाळी अर्धा तास खाली ऑपरेटर दादांशेजारी जाऊन बसायचे आणि विचारत राहायचे.

वासाचं कारण त्यांनीच सांगितलं. आधीच्या कमिटीने लाईट बिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायला लावला होता. आता एसटीपी म्हणजे काय तर टाकीत जिवंत जिवाणू असतात, ते घाण खातात आणि त्यासाठी त्यांना सतत हवा लागते, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण २ मिलिग्रॅम तरी राहायला हवा. रोज आठ तास हवा बंद केली की ते कमजोर पडतात, पाणी कुजतं आणि तो अंड्याचा वास सुटतो. वाचवले किती, तर महिन्याला फारतर आठ-दहा हजार, आणि त्यापायी अख्खा प्लँट निकामी.

मग चार कोटेशनं मागवली. आधी किती पाणी ते काढलं. घरटी चार माणसं धरली तर ६४० लोक, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ८६ हजार लिटर, त्याचं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे साधारण ६९ हजार. प्लँट ८० केएलडीचा होता म्हणजे रोज ८० हजार लिटरचा, तेवढं बरोबर होतं.

पहिलं कोटेशन, आहे तोच एमबीबीआर दुरुस्त करायचा, साडेनऊ लाख. यात टाकीत प्लास्टिकचे छोटे चाकासारखे तुकडे तरंगत असतात आणि त्यांच्यावर जिवाणूंचा थर धरतो, गाळ परत फिरवावा लागत नाही, म्हणून सोसायट्यांमध्ये हे खूप दिसतं. आमच्याकडे तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे निम्मे डिफ्यूझर फाटलेले, आणि मीडिया म्हणजे ते प्लास्टिकचे तुकडे अडवायची जाळी तुटल्यामुळे बराचसा वाहून गेलेला. दुसरं एसबीआर, २४ लाख. एकाच टाकीत आळीपाळीने भरायचं, हवा द्यायची, निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. पाणी चांगलं येतं पण सगळं टायमर आणि पॅनेलवर, आणि सकाळी सात ते नऊ सगळ्या घरांचं पाणी एकदम येतं तेव्हा ते साठवायला आधी मोठी टाकी हवी. तिसरं एमबीआर, ३८ लाख. यात पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून ओढून घेतात, जागा कमी लागते, पाणी काचेसारखं. त्यांनी दाखवलेल्या प्लँटवरचा ग्लास हातात घेऊन मी पाहिला, मोह पडला होता खरा. पण पडदा चोंदू नये म्हणून जास्तीची हवा, म्हणजे वीज जास्त, ठराविक काळाने हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण) आणि सायट्रिक ॲसिडने धुवायचं, आणि काही वर्षांनी पडदेच बदलायचे.

चौथं फायटोरिड, नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेलं. खडीच्या थरातून पाणी सावकाश जातं, वर कर्दळ आणि पाणकणीस लावलेली, मुळांपाशी जिवाणू काम करतात, ब्लोअर नाहीच. पाणी खडीखालून जातं त्यामुळे डासही होत नाहीत. आयआयटी मुंबईत विकसित झालेलं मातीवर आधारित तंत्रही असंच कमी विजेचं आहे, पण त्याचं कोटेशन आम्हाला वेळेत मिळालं नाही. फायटोरिडचे त्यांनी २२ लाख सांगितले.

आता कमिटीत काय झालं, सगळे साडेनऊ, २२, २४, ३८ हे चार आकडेच बघायला लागले. मी म्हटलं थांबा, प्लँट काय एक दिवस चालवायचाय का, दहा वर्षांचं मांडू. एमबीबीआरचा महिन्याचा खर्च असा निघाला: वीज ३० हजार, दोन ऑपरेटर ३२ हजार, हायपो वगैरे ५ हजार, गाळ काढणं, टेस्टिंग आणि किरकोळ दुरुस्ती ८ हजार. झाले ७५ हजार. दहा वर्षांत ९० लाख! म्हणजे साडेनऊ लाखांवर आपण भांडतोय आणि ९० लाखांकडे कोणी बघतच नाहीये. कोटेशनचे पैसे धरून एमबीबीआर साडेनव्याण्णव लाख झालं, एसबीआर साधारण १ कोटी ८ लाखांवर गेलं, एमबीआर पडदे एकदा बदलायचे धरून पावणेदोन कोटींच्या आसपास, आणि फायटोरिड महिना ३० हजार धरून फक्त ५८ लाख.

तर कागदावर फायटोरिडच जिंकलं आणि मला तेच हवं होतं, मनापासून. पण आम्हाला सांगितलेल्या हिशोबाने हजार लिटरला पावणेदोन चौरस मीटर जागा लागते, ८० केएलडीला १४० चौरस मीटर, म्हणजे दीड हजार स्क्वेअर फूट. मोकळी जागा दोनच, मुलांचं ग्राउंड आणि फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी सोडलेला रस्ता. रस्त्याला हात लावता येत नाही आणि ग्राउंड घ्यायला मीच नाही म्हटलं, शंभरएक मुलं आहेत आमच्याकडे. ज्यांच्याकडे जागा आहे, बंगल्यांच्या स्कीम, शाळा, सिंहगड पायथ्याची रिसॉर्ट, त्यांनी मात्र याचा आधी विचार करावा असं मला कळकळीने वाटतं.

मग प्रश्न आला फायद्याचा. एक काका म्हणाले, पालिका जायका या जपानी संस्थेच्या मदतीने मैलापाण्याची ११ नवी केंद्रं उभारतेय, ते करतील की शुद्ध, आपण कशाला? मी म्हटलं काका, ते शुद्ध करून पुढे सोडणार, आपल्याला ते परत हवंय. सगळं पटलं नाही त्यांना, पण पुढचा भागाकार बघून गप्प बसले.

तो भागाकार असा. ७५ हजार भागिले महिन्याचं सगळं शुद्ध पाणी, हजार लिटरला ३६ रुपये. टँकर १० हजार लिटरचा हजार रुपयांना, म्हणजे हजार लिटरला १००. मस्त वाटतं ना? पण हे चूक आहे, कारण शुद्ध केलेलं सगळं पाणी आपण वापरत नाही. फ्लशला माणशी ४५ लिटर, म्हणजे रोज २९ हजार, आणि बागेला सहा हजार. वापर ३५ हजारच, उरलेलं ड्रेनेजला. म्हणून भागायचं वापरलेल्या पाण्याने, मग ७१ रुपये येतात. तरीही टँकरपेक्षा स्वस्त. आणि नुसती बागच भिजवली तर? त्याच ७५ हजार रुपयांत महिन्याला फक्त १८० हजार लिटर, म्हणजे हजाराला ४१७ रुपये! पद्धत कोणती यापेक्षा पाणी फ्लशपर्यंत पोचतंय का, यावर सगळं अवलंबून आहे. कोटेशन देणाऱ्या चौघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं.

आमच्याकडे फ्लशची वेगळी लाईन बिल्डरने टाकलेली होती, म्हणून एमबीबीआर दुरुस्ती पक्की केली. डिफ्यूझर आणि जाळी बदलली, मीडिया भरला, किचन लाईनवर तेल अडवायचं चेंबर नीट करून घेतलं, फिल्टरमधली वाळू आणि कार्बन नवीन. दुसऱ्या एका चालू प्लँटमधून टँकरभर गाळ आणून टाकला, बरोबर शेण आणि गूळ. जवळजवळ तीन आठवडे पाणी काळपट आणि फेसाळ होतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज विचारणा. ऑपरेटर दादा रोज लिटरच्या काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवायचे, आत गाळ बसतोय का बघायला. वर नितळ पाणी आणि खाली तपकिरी थर दिसला त्या सकाळी त्यांनी मला फोन करून खाली बोलावलं. लॅबचा रिपोर्ट आला, बीओडी (पाण्यात किती घाण उरलीये त्याचं माप) लिटरला ८ मिलिग्रॅम. कच्च्या मैलापाण्यात तो २००-३०० असतो आणि आम्हाला घालून दिलेली मर्यादा १० आहे.

टाकी साफ करायच्या वेळी मी एकच हट्ट धरला, माणूस आत उतरणार नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, आणि बेसमेंटच्या बंद टाकीत तो अंड्याच्या वासाचा वायू माणसाला दोन श्वासांत पाडू शकतो. सक्शनच्या गाडीचे १४ हजार जास्त लागले, मी ते खर्चाच्या पहिल्या ओळीत लिहिले.

फ्लशला पाणी चालू करायच्या आधी खूप धाकधूक होती. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (नसांवर हल्ला करणारा गियाँ-बारे आजार) पेशंट सापडले होते आणि तेव्हापासून पाणी म्हटलं की सगळे दचकतात. त्यात चूक काहीच नाही. म्हणून आम्ही फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला आणि घरोघरी जाऊन नळ, बेसिन, शॉवर सगळं उघडून पाहिलं. सी विंगमध्ये एका घरात कमोडशेजारच्या जेट स्प्रेला हिरवं पाणी! रिनोव्हेशनच्या वेळी प्लंबरने जवळची म्हणून फ्लशची लाईन जोडून दिली होती. घरात दीड वर्षाचं बाळ आहे. त्या ताई किती वेळ नुसत्या त्या पाण्याकडे बघत होत्या. त्याच दिवशी लाईन बदलली, आणि आता बाथरूमचं काम काढायचं तर आधी कमिटीला कळवायचं असा नियम केलाय.

सब-मीटरवर आता फ्लशला २६ हजार दिसतात, २९ नाही. म्हणजे खरा भाव ७८ रुपये पडतोय. रोजचे तीन टँकर मात्र बंद झालेत. ११ फ्लॅट बंद आहेत म्हणून रंगाची तपासणी राहिलीये, तिथल्या फ्लशच्या लाईनचे व्हॉल्व्ह बंद ठेवलेत. सात मालकांनी चाव्या पाठवल्यात, चार परदेशात आहेत, त्यांना परत मेल केलाय.