इंजिन मिळालं एकदाचं!

बाबांच्या जुन्या मारुती 800 साठी आज कुर्ल्यात वापरलेलं इंजिन शोधलं. दुकानदार म्हणे, "ओम्नीचं घ्या, सेम टू सेम!" दोन्ही 796 सीसी, एफ8बी मॉडेलचीच इंजिनं, हे खरं, पण ओम्नीत ते सीटखाली गाडीच्या लांबीत उभं बसून मागची चाकं फिरवतं, 800 मध्ये आडवं. माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार) काय त्याचे काका देणार? शेवटी 800 चंच मिळालं. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी रॉकेलच्या फडक्याने ब्लॉकवरचा नंबर पुसून वाचला (खाडाखोड दिसली तर ते हातही लावत नाहीत). ऑइल कॅपच्या आत बोट फिरवलं. दुधाळ चिकटा नाही, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नसावं. स्टार्टर लावून पाहिलं, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) जवळपास सारखं. टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट मात्र नवीनच टाकणार. पक्कं बिल घेतलंय, आरसीवर नवा नंबर चढवायला आरटीओत लागेल.