जुन्या वहीतले नाव

गेल्या आषाढातली गोष्ट आहे. सकाळी आमच्या महिला मदत केंद्राचे कुलूप काढायला गेले, तेव्हा पायरीवर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. डोक्यावरची प्लास्टिकची खोळ त्यांनी घडी करून शेजारी ठेवली होती आणि मुठीत बसचे शून्य रकमेचे तिकीट जपून धरले होते. जांबोटीच्या पलीकडच्या, घाटाकडच्या एका गावातून त्या पहाटेच्या बसने बेळगावला आल्या होत्या. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेने बायकांचा सरकारी बसचा प्रवास मोफत केल्यापासून खानापूर तालुक्यातल्या आडगावांतून एकट्या म्हाताऱ्या आमच्याकडे येऊ लागल्या आहेत. पूर्वी त्या येत नव्हत्या. त्यांना दुःख नव्हते म्हणून नव्हे, भाड्याचे पैसे मुलाकडे मागावे लागत म्हणून.

आमची संस्था सुरू झाली ती सासरी छळ होणाऱ्या सुनांसाठी. आमचा छापील अर्ज आजही तीच साक्ष देतो: पतीचे नाव, विवाहाची तारीख, लग्नात दिलेला ऐवज, सासरचा पत्ता. मावशींची हकीकत यांतल्या एकाही रकान्यात बसेना, म्हणून मी कोऱ्या कागदावर लिहायला घेतले. चार वर्षांपूर्वी घर त्यांनी एकुलत्या मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले होते. मुलगा बायकामुलांसह गोव्यात कामाला. त्याने घर विकायला काढले, मोठ्या दाराला कुलूप घातले आणि आईला पडवी मोकळी ठेवली. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून नाव मावशींचेच, त्यामुळे घरच्या कर्त्या बाईला मिळणारे, राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये त्यांच्याच खात्यावर जमा होतात. मात्र पासबुक आणि एटीएम कार्ड मुलाजवळ. "कुनाची तक्रार करायला आलेली न्हाई मी," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "दार तेवडं उगडून द्या."

गावाचे आणि मुलाचे नाव ऐकताना मला काहीतरी आठवत होते. दुपारी मी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. २००४ च्या वहीत, माझ्याच अक्षरात, याच घरच्या सुनेची तक्रार सापडली: सासू उपाशी ठेवते, चुलीतल्या लाकडाने हातावर चटका दिला. तेव्हा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा झालेला नव्हता, तो २००५ चा. हाती होते ते सासरच्या छळाविरुद्धचे दंड संहितेतले कलम ४९८अ. पोलिसांत जायला ती मुलगी तयार नव्हती, म्हणून आम्ही दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना बसवून वेगळ्या चुलीवर तडजोड केली होती. जिला मी त्या बैठकीत कठोर शब्दांत सुनावले, तीच बाई बाहेरच्या बाकावर बसून आमच्या मदतनीस बाईंनी दिलेल्या चहात खारी बुडवून खात होती. तिने मला ओळखले होते की नाही, ते मी विचारले नाही. मला विचारवले नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. त्यानुसार प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणाकडे आईवडिलांना मुलांविरुद्ध निर्वाहासाठी दाद मागता येते, आणि निर्वाहात निवाराही येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल व ती अट मोडली असेल, तर तो व्यवहार रद्द ठरविण्याचीही तरतूद आहे. आम्ही बक्षीसपत्राची नक्कल काढली. कागद कन्नडमध्ये, मावशींना फक्त मराठी येते, आणि अंगठा घेताना तो कुणी वाचून दाखविला नव्हता. आमच्या कन्नड जाणणाऱ्या कार्यकर्तीने तो ओळ न् ओळ मराठीत सांगितला. त्यात सांभाळाची अट कुठेही नव्हती. म्हणजे घर परत मिळण्याची वाट बिकट होती, आणि हे मावशींना मला सांगावे लागले. निर्वाहाचा अर्ज मात्र आम्ही कन्नडमध्ये लिहिला, त्यांना मराठीत दोनदा वाचून दाखविला आणि मगच अंगठा घेतला. सीमाभागात हे दुसऱ्यांदा वाचणे म्हणजेच निम्मे काम आहे, असे माझे मत झाले आहे.

संस्थेच्या मासिक बैठकीत या अर्जावरून वाद झाला. आपली संस्था सुनांची, उद्या त्याच सुना समोर प्रतिवादी म्हणून उभ्या राहतील, मग त्या आपल्यावर विश्वास कशा ठेवतील, असे आमच्या एका ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण घरातली तरुण माणसे पुण्याला आणि गोव्याला गेली, गावात म्हातारी माणसे उरली, आणि मार खाणारी बाजू आता बहुतेक वेळा तीच असते. आम्ही बाजू माणसाची घेतली होती की नात्याची, हे त्या दिवशी पहिल्यांदाच ठरवावे लागले. अखेर अर्ज पुढे न्यायचा, पण त्याआधी सुनेशी मी स्वतः बोलायचे, असे ठरले.

फोनवर ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या वेळी तुम्ही माझ्या बाजूनं होतासा." मी म्हटले, "होते. आजही तो कागद खोटा होता असे मी म्हणणार नाही." याहून अधिक काही सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही.

आठ दिवसांनी, नवऱ्याला न सांगता, ती एकटीच केंद्रात आली. पर्समधून किल्ली आणि पासबुक काढून तिने टेबलावर ठेवले. "दार उघडून घेऊ देत. मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, आणि त्यांना माझ्याकडे आणू पण नका," एवढेच ती म्हणाली. घराची विक्री थांबवणे तिच्या हातात नव्हते. ते तिने सरळ सांगितले, आणि तेवढ्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडचा अर्ज आम्ही चालूच ठेवला आहे.

जाताना तिने जुनी वही पाहायला मागितली. तिने आपली तक्रार उभ्याउभ्याच वाचली, डाव्या मनगटावरच्या बांगड्या वर सारून तिथल्या वणावर बोट फिरवले आणि विचारले, "हे आता फाडून टाकणार काय?" मी नाही म्हटल्यावर तिने त्या पानाची एक झेरॉक्स मागून घेतली.