चादरीआडून

सोलापुरात राहून "मी पक्ष्यांचे फोटो काढते" असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग नान्नजला माळढोक मिळाला का?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज येतं आणि माळढोकासाठी 1979 साली जाहीर झालेलं अभयारण्य तिथलंच. तेव्हा कागदावर त्याचा पसारा 8,496 चौरस किलोमीटर होता. गावंच्या गावं, शेतं, विहिरी, एसटीचे थांबे, सगळं त्यात. पुढे तो आकडा पुष्कळ खाली आला, आणि माळढोकही आटत गेले. आता पहाटे चारला उठून, हातभर लेन्स गळ्यात अडकवून गेलेली मंडळी काळवीट बघून येतात आणि येताना कुठल्याशा शेतात हुरडा खाल्ल्याचं सांगतात. हुरडा फार छान होता म्हणतात.

मी मागच्या दारात बसते.

जुळे सोलापुरातलं आमचं परस म्हणजे दोन स्कूटर उभ्या राहतील आणि तिसरी वाकडी लावावी लागेल एवढी जागा. त्यात एक शेवगा, एक पेरू, झुडूप म्हणून लावलेला आणि आता गच्चीला पोचलेला कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि भिंतीवर चढून शेजाऱ्यांकडे निघालेली मधुमालती. रस्त्याच्या कडेचा कडुनिंब आमचा नाही, पण त्याची अर्धी सावली आमची. नवऱ्याला बाग नीटनेटकी लागते. मला लागत नाही. पाचोळा झाडला नाही की त्याखाली किडे होतात, किडे झाले की सातभाईंची टोळी भांडत भांडत उतरते आणि एकेक पान उलटून बघते. कढीपत्त्याची फळं काळी होईपर्यंत झाडावर ठेवली की बुलबुल येतात, मागोमाग कोकिळा येते. घरात या सगळ्याला आळस म्हणतात. मी अधिवास म्हणते.

परसातल्या पक्ष्याचा मोठा गुण असा, की तो उद्याही येतो. आज फांदी आडवी आली, आज ऊन वाकडं होतं, आज ऐन वेळी कुकरची शिट्टी झाली, असू दे. त्याची घाई त्याला, माझी मला. पोळ्या लाटून होईस्तोवर दयाळ निंबावरून भिंतीवर आलेला असतो, दुपारच्या चहाला तांबटाचं टुक् टुक् सुरू असतं. रानात गेलेल्या माणसाला पक्षी दिसतो. घरात बसलेल्याला तोच तो पक्षी दिसत राहतो, आणि मग हळूहळू त्याच्या खोडी कळायला लागतात. मला यादी वाढवण्यापेक्षा या खोड्यांत जास्त रस आहे.

खोड्या बघायच्या तर आपण दिसून चालत नाही. फोटोग्राफर मंडळी त्यासाठी मिलिटरीछाप कापडाचे तंबू विकत घेतात. माझा आडोसा म्हणजे जुनी सोलापुरी चादर. लाल जमिनीवर हिरवी-पिवळी नक्षी, धुऊन धुऊन मऊ पडलेली. वाळत घालायच्या दोरीवर ती टाकायची, मधे लेन्सपुरती फट ठेवायची आणि मागे स्टूल घेऊन बसायचं. मातकट रंग वापरावा असं जाणकार सांगतात. आमच्या बुलबुलांच्या ते कानावर गेलेलं नसावं. पक्ष्याला रंगापेक्षा हालचाल खटकते. रोज एकाच जागी असलेली चादर चार दिवसांत त्याच्या लेखी भिंत होते. माणसांचं तसं नाही. भिंतीपलीकडच्या मावशी अजून विचारतात.

"काय करलालीस गं चादरीमागं?"

"फोटो काढते, मावशी."

"कुणाचं?"

"बुलबुलाचे."

"ते? ते तर रोज बसलेलं असतंय की इथं."

रोज बसलेलं असतंय म्हणूनच, हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचत नाही, म्हणून मी त्यांना शेवग्याच्या शेंगा देते.

माझे सगळ्यात जास्त फोटो आहेत ते शिंजिराचे. जांभळा शिंजीर, अंगठ्याएवढा पक्षी, जास्वंदीच्या देठाशी उलटा लटकून मध पिणारा. मध त्याचा स्वतःसाठी. पिलांना मात्र तो किडे आणि कोळी भरवतो. मुळात हा जांभळा रंग रंगवलेला नाहीच. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो तेव्हा तो आपल्याला दिसतो, आणि कोन बदलला की पक्षी काळाकुट्ट. एका दमात काढलेले आठ-दहा फोटो मोठ्या पडद्यावर लावून बघते तेव्हा पहिल्यात नुसता कोळशाचा तुकडा असतो. दुसऱ्यात कपाळावर निळी रेघ उजळते. मान अर्धी वळली की तीच चमक गळ्यावरून खाली सरकत छातीवर जांभळी होते, खांद्यापाशी जरा हिरवट मारते, आणि पुढच्या फोटोत पुन्हा कोळसा. पंखाच्या मुळाशी एक पिवळा-केशरी झुबका असतो, तो एरवी मिटलेला. मादीसमोर नाचताना किंवा दुसऱ्या नरावर डाफरताना तेवढा बाहेर निघतो. माझ्याकडे त्या झुबक्याचा एकच बरा फोटो आहे, आणि तो नवऱ्याच्या स्कूटरच्या आरशात दिसणाऱ्या स्वतःशीच भांडतानाचा. विणीच्या दिवसांत आरशातला नर त्याला खरा वाटतो. दमेपर्यंत चोच मारत राहतो. म्हणून हल्ली आमच्या स्कूटरच्या दोन्ही आरशांवर जुने पायमोजे असतात. गल्लीने विचारणं सोडून दिलंय.

वर्षभर तो असा झगझगीत नसतो. पावसाळा सरला की नराचे कपडे उतरतात. अंगभर मळकट पिवळा होतो, हनुवटीपासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा उरतो. ओळख नसलेला माणूस म्हणेल की शिंजीर गेले आणि दुसरंच काही आलं. मग संक्रांतीच्या सुमारास, इकडे सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागतात, त्या दिवसांत त्याच्या अंगावर जांभळी ठिगळं उगवू लागतात. अर्धा मळका, अर्धा चकचकीत, इतका विनोदी दिसतो की मला त्या दिवसांतले फोटो सगळ्यात प्रिय. कॅलेंडरवर कुणी छापणार नाही असले. सहलीला गेलेल्या माणसाला हे ठिगळाचे दिवस बहुधा सापडतच नाहीत.

तांत्रिक गोष्टींचं फार मनावर घेऊ नये, पण एवढं सांगते. कॅमेऱ्याच्या मते सगळं जग करड्या रंगाचं असावं. उजळ आकाशासमोर काळा कोतवाल पक्षी बसला की कॅमेरा आकाशाला करडं करतो आणि कोतवालाचा डाग होतो. उजेड आपण हाताने पायरीभर वाढवला की डाग पक्षी होतो, डोळ्यात ठिणगी दिसते. बसलेल्या पक्ष्याला शटर 1/500 सेकंद पुरतं, शिंजिराला 1/2000 सुद्धा कधी कधी कमी. आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात नऊनंतर कॅमेरा कपाटात. शेजारच्या पत्र्यावरून हवा थरथरायला लागली की लाखाची लेन्सही धूसरच बघणार, माझी तर लाखाची नाही.

उन्हाळ्यात फोटोपेक्षा पाणी महत्त्वाचं. पारा 43 च्या आसपास जातो तेव्हा साळुंक्या चोच उघडून धापा टाकत सावलीत उभ्या असतात; पक्ष्यांना घाम येत नाही, श्वासावाटेच अंग गार करायचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे तांदूळ धुतलेलं झाडांना, भाज्या धुतलेलं झाडांना आणि परळात तेवढं चांगलं, असा घरात कायदा आहे. मातीचं उथळ परळ, दोन बोटं पाणी, मधे एक खडबडीत दगड म्हणजे लहान पक्ष्यांना पाय टेकायला होतं. रोज ओतून, घासून नवीन पाणी. नाहीतर पक्ष्यांआधी डास येतात. अंघोळीचा मान बुलबुलांचा. ते आले की चिमण्या काठावर थांबतात. शिंपी कधीच परळात उतरत नाही, पाणी घातल्यावर जास्वंदीच्या ओल्या पानांवर लोळून घेतो.

आणि मग कावळा. भाकरी वाळून कडक झालेली, ती आमच्या गावाची खासियत; सोलापूरकर ती आमटीत चुरून खातो. आमचा कावळा कुठूनतरी असला तुकडा पैदा करतो, परळाच्या काठावर येतो आणि तुकडा पाण्यात सोडतो. लगेच उचलत नाही. इकडे बघतो, तिकडे बघतो, एकदा चोचीने उलटा करतो, पुन्हा थांबतो. कड मऊ झाली की तेवढीच तोडून खातो आणि मधला भाग पुन्हा भिजत घालतो. मागे राहतं ते पिठूळ पाणी. ते ओतून परळ घासताना मी त्याला शिव्या घालते, पण दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास भाकरीचं काय झालं हे बघायला मीच चादरीमागे असते. सासूबाईंचं मत असं की त्याला शेंगाचटणी पण ठेवावी.

दिवाळीच्या आगेमागे थिरथिऱ्या येतो. उत्तरेकडच्या डोंगराळ, थंड मुलखातून उतरून हा चिमणीएवढा पक्षी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर येऊन बसतो आणि शेपूट थरथरवतो. नारिंगी शेपटीचा स्वच्छ फोटो मिळणं हा योगच. पक्षी ठीक येतो, शेपूट नेहमी हललेली. पण मला त्या फोटोवरची तारीख हवी असते. दर वर्षीचा पहिला फोटो बाजूला ठेवते, म्हणजे यंदा लवकर आला की उशिरा ते कळतं. जाणकार लोक हे वहीत लिहितात. मारुती चितमपल्ली याच सोलापुरात 1932 मध्ये जन्मले, वनखात्याच्या नोकरीत आयुष्य विदर्भातल्या जंगलांत काढलं, शेवटी याच गावात परतले आणि 2025 च्या जूनमध्ये इथेच गेले; पाहिलेलं टिपून ठेवण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. माझ्याकडे ती शिस्त नाही, म्हणून कॅमेऱ्याची तारीख. फेब्रुवारीत चार दिवस जगभर लोक आपापल्या परसातले पक्षी मोजतात, भारतातही 2013 पासून. निदान 15 मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. हे एक काम मला जन्मजात येतं.

हिवाळ्यात संध्याकाळी भोरड्यांचे थवे घरावरून जातात. रब्बी ज्वारी दाण्यात आलेली असते तेव्हा त्या कणसांवर तुटून पडतात. गच्चीवरून थव्याची वळणं बघताना माझा जीव हरखतो. आमचे मंगळवेढ्याचे पाहुणे, ज्यांची ज्वारी असते, ते त्याच थव्याकडे बघून गोफण कुठे ठेवलीय ते विचारतात. दोघांचंही बरोबर, पण भाकरी त्यांच्या बाजूला आहे.

यंदा शिंजिराच्या मादीने शेवग्याच्या एका खाली आलेल्या काडीला घरटं टांगलं. बांधकाम सगळं तिचं एकटीचं. कोळिष्टकं, वाळकं गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, आणि दाराच्या कडेला चक्क गुलाबी सूत. मागच्या गल्लीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथलं. कापसाचं आहे म्हणून मला बरं वाटलं. नायलॉनचा दोरा असता तर पिलांच्या पायात गुंतायची भीती. दारावर छोटा छज्जा काढलेला, आणि आत बसल्यावर तिची वाकडी चोच तेवढी बाहेर. अंडी बहुधा दोन असतात, उबवायचं पंधरवडाभर, तेही तिनेच. नर आसपास गात फिरतो आणि पिलं झाल्यावर भरवायला लागतो.

सुट्टीला पुण्याहून भाचा आला होता. त्याला रील करायचं होतं.

"आत्या, ती पुढची दोन पानं बाजूला करू का? आतलं काहीच दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच आहेत ती."

"फक्त दोन मिनिटं."

मी त्याला परळाच्या काठावर बसलेला कावळा दाखवला. आपण जिथे वाकून बघतो तिथे तोही नंतर बघायला जातो. आणि पान काढलं की दुपारचं ऊन थेट पिलांवर. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्यात अंड्यांशी नि घरट्यांशी खेळणं शिकारीतच धरलंय, हेही ऐकवलं, कारण आत्याचं ऐकणार नाही पण कायद्याचं ऐकेल अशी त्याची पिढी. तो चादरीमागे बसला, दूरवरून चोचीचा फोटो काढला आणि मग दिवसभर कावळ्याच्या भाकरीचं रील केलं. त्याला म्हणे बरेच लोक हसले.

अडचण आली ती वेगळीच. दर उन्हाळ्यात शेवगा छाटायला येणारे काका शिडी आणि कोयता घेऊन ठरल्या दिवशी हजर. आधी वरच्या शेंगा उतरवायच्या, मग फांद्या. मी घरटं दाखवलं. त्यांनी शिडी भिंतीला टेकवली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघितलं, मादी आत असल्याची खात्री करून घेतली.

"मग कधी येऊ, ताई?"

"पिलं उडाल्यावर."

"ते मला कसं कळणार?"

"फोटो पाठवते."

त्यांनी मान डोलावली, शिडी खांद्यावर घेतली आणि गेटपाशी जाऊन वळले. "थांबतो की. पण तोवर निबर झालेल्या शेंगांचे पैसे तुमच्याकडून."