बाडा खोऱ्यातला पालिंदो आणि पानाखालची मुंगी

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर, पोसो सरोवराकाठच्या तेंतेना गावाहून आमची गाडी डोंगर चढून बाडा खोऱ्यात उतरली. सेपे गावाबाहेरच्या गवतात पालिंदो नावाचा दगडी पुतळा उभा होता. साडेचार मीटरच्या आसपास उंची, अखंड ग्रॅनाइट, एका अंगाला कललेला. वाटोळे डोळे, लांबलचक नाक, पोटाखाली घेतलेले हात. पाय कोरलेलेच नाहीत.

मध्य सुलावेसीतल्या लोरे लिंदू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात अशा ४००हून अधिक शिळा विखुरल्या आहेत. काही माणसांच्या आकाराच्या, तर काही नुसते प्रचंड दगडी रांजण. त्यांना इथे कलांबा म्हणतात. कोणी घडवल्या, कशासाठी, याचा छडा अजून लागलेला नाही. आपल्याकडच्या वीरगळावर निदान लढाई तरी कोरलेली असते. इथे ना अक्षर, ना प्रसंग. मी पालिंदोभोवती पुन्हा पुन्हा फिरलो. कुठूनही पाहा, ते डोळे आपल्या डोक्यावरून पलीकडे बघतात.

पण अंगावर खरा काटा आला तो रानात. वाटाड्याने गुडघ्याएवढ्या झुडपाचं एक पान हलकेच उलटलं. मधल्या शिरेत जबडा रुतवून एक मुंगी मरून पडली होती आणि तिच्या मानेतून केसाएवढी काळसर दांडी वर आली होती. ही ओफिओकॉर्डिसेप्स बुरशी. तिचा बीजाणू मुंगीचं कवच भेदून आत शिरतो. काही दिवसांनी मुंगी वारूळ सोडते, जमिनीपासून थोड्या उंचीवर, बुरशीला मानवेल अशा दमट जागी जाऊन पान चावते आणि तिथेच मरते. मग दांडी फुटते आणि बीजाणू खालच्या जमिनीवर सांडतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की बुरशीच्या पेशी मुंगीच्या स्नायूंभोवती जाळं विणतात, मेंदूत मात्र शिरत नाहीत. हे वाचल्यापासून मला ती मुंगी जास्तच भयंकर वाटते.

या बुरशीच्या पहिल्या नोंदीशी ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसचं नाव जोडलं जातं. १८५९ साली तो याच बेटाच्या उत्तर भागात होता. जर्मनीतल्या मेसेलला सापडलेल्या ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या पानाच्या जीवाश्मावरही शिरांपाशी असेच चाव्याचे व्रण आहेत.

बाडाला गेलात तर पुतळे पाहून लगेच परतू नका. एक सकाळ रानासाठी राखा, जाणता वाटाड्या सोबत घ्या आणि पानांच्या खालच्या बाजू बघा.