खांबाजवळचे चार रविवार

२५ जानेवारी, रथसप्तमी

ताडोबाच्या जंगलात मोहर्लीच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा पूर्वेला नुसती करडी पट्टी उमटली होती आणि उघड्या जिप्सीत बसलेल्या आम्हा सर्वांचे हात घोंगडीखाली होते. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची ख्याती ऐकलेल्या माणसाला इथल्या माघातल्या पहाटेची कल्पना येत नाही. सूर्य सातला दहा मिनिटे कमी असताना उगवला, तरी ऐन आणि साग या झाडांच्या पानांमधून ऊन रस्त्यावर उतरायला आणखी बराच वेळ गेला.

गेल्या हंगामातील छायाचित्रे डिसेंबरात चाळताना एक गोष्ट मला फार खटकली होती. जानेवारीतले चितळ आणि मार्चमधले चितळ शेजारी शेजारी ठेवले, तर कोणते कधीचे हे तारीख पाहिल्याशिवाय मलाच सांगता येईना. लांब पल्ल्याच्या लेन्सने प्राणी चौकटभर भरायचा आणि मागचे सारे धूसर करून टाकायचे, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की त्या धूसरपणात ऋतूही पुसला जातो. म्हणून या वर्षी प्रत्येक फेरीत एक छायाचित्र ठरलेल्या जागेवरून, ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सने घ्यायचे ठरवले आहे.

जागा शोधायला कष्ट पडले नाहीत. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने जुने दगडी खांब उभे आहेत. गोंडराजांच्या काळी त्यांतून दोर ओवून घंटा बांधलेल्या असत आणि राजाच्या येण्याची वर्दी त्या दोराने पुढे पोहोचवली जाई, असे इथे सांगतात. त्यांतला एक मी निवडला. त्याच्या मागे मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचा मोठा ऐन आहे, डाव्या हाताला सागाची दाटी आहे आणि उजवीकडे एक वाकडा पळस. गाडीतून खाली उतरण्यास मनाई असल्यामुळे तिकाटण्याचा, म्हणजे ट्रायपॉडचा, प्रश्नच नव्हता. तांदूळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या दांडीवर ठेवून, खांबाचे टोक ऐनाच्या पहिल्या बेचक्याला नेमके टेकेपर्यंत गाडी दोन वेळा मागेपुढे करून घेतली. पुढच्या वेळी जागा सापडण्यासाठी एवढी खूण पुरे आहे.

आमच्या गाइडदादांना हा उद्योग मुळीच पटला नाही. “ताई, तिकडे पाणवठ्यावर वाघीण येऊन बसली असन, अन् तुम्ही दगडाचा फोटो काढून राहिल्या!” वाघीण खरोखरच बसली होती, आणि आम्ही पोहोचेपर्यंत उठून गेली होती. परतताना मात्र दोन चितळ नर रस्ता ओलांडताना अगदी जवळून दिसले. दोघांच्याही वाढत्या शिंगांवर अजून मखमल, म्हणजे कोवळी लवदार कातडी, होती.

२२ फेब्रुवारी, फाल्गुन शुद्ध पंचमी

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आजी म्हणत असे. आठ दिवसांपूर्वी शिवरात्र झाली आणि आज घोंगडी कोणी उघडलीसुद्धा नाही.

खांबाजवळ पोहोचल्यावर क्षणभर जागा चुकली असे वाटले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे वाळके गवत वनविभागाने जाळून काढले आहे. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो आणि त्याआधी या जाळरेषा तयार करून ठेवाव्या लागतात, म्हणजे वणवा लागलाच तर तो या पट्ट्यापाशी अडतो. छायाचित्रकार या काळ्या पट्ट्यांवर फार नाराज असतात आणि शक्य तेथे त्यांना चौकटीबाहेर ठेवतात. मीही आजवर तेच करीत आले. आज काळ्या जमिनीवर उभा असलेला तो फिकट दगड पाहिला आणि वाटले की जानेवारीच्या पिवळट गवतात हा खांब मला नीट दिसलाच नव्हता.

वाकडा पळस पेटला आहे. पान एकही नाही, फांद्यांवर सर्वत्र मखमली काळपट कळ्या आणि शेंदरी फुले. फुलाची वाकलेली पाकळी पोपटाच्या चोचीसारखी दिसते, म्हणून संस्कृतात याला किंशुक म्हणतात, ‘हा पोपट तर नव्हे?’ असा तो प्रश्न. सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात त्यावर पळसमैनांचा थवा उतरला. हिवाळा काढायला मध्य आशियाकडून आलेले हे गुलाबी-काळे पक्षी आता परतीच्या तयारीला लागतील, आणि जाण्यापूर्वी त्यांचा गुलाबी रंग अधिक उजळ होत जातो. चोची मधासाठी फुलांत खुपसताना त्यांच्या कपाळावर पिवळा पराग माखत होता.

इथे माझी एक जुनी चूक नोंदवून ठेवते, कारण ती मी सलग तीन वर्षे केली. पळसाचे फूल कॅमेऱ्याच्या पडद्यावर सुरेख दिसते आणि घरी आल्यावर त्याचा लाल गोळा झालेला असतो, ना शिरा, ना लव. एकूण उजेड योग्य असला तरी लाल रंगाची मर्यादा आधीच ओलांडली गेलेली असते आणि सरासरी दाखवणाऱ्या हिस्टोग्रामवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावरून, ते कळत नाही. तिन्ही रंगांचे आलेख स्वतंत्र पाहावे लागतात आणि लालचा आलेख उजव्या कडेला धडकणार नाही एवढे एक्स्पोजर उतरवावे लागते. आज ते पाऊण ते एक स्टॉप उतरवले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). चित्र पडद्यावर उदास दिसले, परंतु फुलावरची रेशमी लव शाबूत राहिली. खांबाच्या छायाचित्रासाठी मात्र व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ५२०० केल्विनवर कायम ठेवला आहे. तो आपोआप ठरू दिला तर कॅमेरा प्रत्येक महिन्याचा रंग ‘दुरुस्त’ करून सारखा करून टाकील, आणि मला तर नेमका तोच फरक हवा आहे.

१५ मार्च, फाल्गुन वद्य एकादशी

आज आधी ऐकू आले आणि मग दिसले. सागाचे एक पान गळून खाली आले की पत्र्यावर काहीतरी पडावे तसा आवाज होतो, आणि जमिनीवर त्यांचा थर इतका वाळला आहे की सातभाईंची टोळी पाचोळा उकरू लागली तेव्हा ड्रायव्हरने अस्वल समजून गाडी थांबवली. तांबटाची टुकटुक सुरू झाली आहे. लांबून पावशाने एकदा ‘पेर्ते व्हा’ म्हटले. पेरणीला अजून तीन महिने आहेत, त्याला घाई कसली कोण जाणे.

रस्त्यावर मोहाच्या फुलांचा पहिला सडा पाहिला. पहाटे गळणाऱ्या त्या मांसल, फिकट फुलांखाली चितळांचा कळप होता आणि वर वानरे होती. वानरे अर्धे खातात, अर्धे टाकतात, खालच्यांचे त्यावर भागते. नरांच्या शिंगांवरची मखमल आता गळून गेली आहे आणि घासून घासून ती लखलखीत झाली आहेत. एक नर मान ताणून ओरडतही होता. सांबराचे चक्र याच्या उलटे चालते. त्यांचा माज, म्हणजे मीलनाचा काळ, हिवाळ्यात होऊन जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी शिंगे गळू लागतात. एकाच पाणवठ्यावर शिंगे मिरवणारा चितळ आणि बोडके सांबर एका चौकटीत मिळावे, अशी माझी इच्छा आहे. अजून मिळालेले नाही.

साडेआठनंतर कॅमेरा खाली ठेवला. गेल्या वर्षी याच सुमारास माझी दूरची छायाचित्रे विरघळल्यासारखी येऊ लागली, तेव्हा लेन्स बिघडली समजून मी ती तपासायला दिली होती आणि ती निर्दोष असल्याचे ऐकून वर पैसेही मोजले होते. दोष हवेचा होता. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लाटांतून शंभर मीटरवरचे जनावर पाहिले की त्याची कड थरथरते, आणि शटर कितीही वेगवान ठेवले तरी ती सरळ होत नाही. जवळ जाणे किंवा लवकर येणे एवढेच आपल्या हातात असते.

खांबापाशी गाडी बरोबर थांबली, तरी बेचके जुळेना. पाहिले तर ऐनाची ती फांदीच वाऱ्याने किंवा वानरांनी मोडली होती. अंदाजाने टोक जुळवले. जळालेल्या पट्ट्यात बोटभर हिरवे कोंब आले आहेत.

२९ मार्च, चैत्र शुद्ध एकादशी

सूर्य सव्वासहाच्या आतच वर आला, म्हणजे जानेवारीपेक्षा चाळीस मिनिटे आधी, आणि शिवाय तो भराभर चढतो. कोवळ्या उन्हाचा तासही आता मिळत नाही. हवेत धुरकट पिवळेपणा आहे. पळसाची फुले खाली मातकट होऊन पडली आहेत. कुसुमाच्या झाडांना मात्र तांबडीलाल पालवी फुटली आहे, आणि दुरून पाहणाऱ्याला ती झाडे फुलावर आल्यासारखी वाटतात.

संध्याकाळी चारही छायाचित्रे पडद्यावर शेजारी लावली. पिवळे गवत, काळी जमीन, हिरवे कोंब, धूळ. साग पहिल्यात भिंतीसारखा आहे, चौथ्यात नुसत्या काठ्या उरल्या आहेत, आणि त्या काठ्यांच्या पलीकडे, रस्ता जेथे वळतो तेथे, आणखी एक दगडी खांब उभा आहे. तेथे असताना तो माझ्या लक्षातही आला नव्हता. जानेवारीचे छायाचित्र पुन्हा मोठे करून पाहिले. सागाच्या दोन पानांच्या मध्ये नखाएवढा करडा ठिपका आहे, मी तो ऐनाच्या सालीचा समजले होते.