सोडियम ११३, आणि पुन्हा तेच औषध

एप्रिलमध्ये निफाडकडचे बहात्तर वर्षांचे आजोबा नाशिकला आमच्या आयसीयूत झटके येत असतानाच आले. रक्तातलं सोडियम ११३. हवं १३५ ते १४५. औषधांच्या पिशवीत डेस्मोप्रेसिन निघालं. रात्री चारदा लघवीला उठावं लागतं म्हणून दहा दिवसांपूर्वी सुरू केलेलं. बीपीची क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे मीठ काढणारी गोळी, आधीपासून चालू, आणि उन्हाळा म्हणून घरचे दिवसभर पाणी पाजत होते.

डेस्मोप्रेसिन ही व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची नक्कल. मूत्रपिंड पाणी सोडत नाही आणि रक्त पातळ होत जातं. आधीच्या दवाखान्यात साधं सलाइन लावल्यावर ११६ चं ११३ झालं होतं. लघवी इतकी घट्ट असते की बाटलीतलं मीठ तिच्यातून निघून जातं, पाणी अंगात उरतं. ही चूक मी वारंवार पाहतो आणि दर वेळी चीड येते.

आम्ही ३ टक्के, म्हणजे साध्याहून बरंच खारट सलाइन दिलं, १०० मिली दहा मिनिटांत, दोनदा. झटके थांबले, सोडियम ११७. खरी भीती यापुढे होती. औषधाचा अंमल उतरला की तासाला ३००-४०० मिली लघवी सुटते, सोडियम उसळतं आणि मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होतं. काही दिवसांनी बोलणं, गिळणं जातं. चोवीस तासांत वाढ ८ च्या आत ठेवायची, म्हणजे १२१ पर्यंतच. म्हणून डेस्मोप्रेसिनच चालू ठेवलं: दर ८ तासांनी २ मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, सोबत पंपावर ३ टक्के सलाइन, पिण्याचं पाणी बंद, दर दोन तासांनी सोडियम. पोटॅशियम २.९ होतं, ते दिलं की सोडियमही चढतं, म्हणून तेही हिशेबात धरलं.

मुलगा चिडला. "डॉक्टर, ज्यानं हे झालं तेच परत टोचताय?"

"दादा, गंगापूर धरणाचे दरवाजे एकदम उघडले तर गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पुराचं पाणी किती चढतं, पाहिलंय ना? आपण थोडं थोडं सोडतोय."

चोवीस तासांनी १२०, अठ्ठेचाळीस तासांनी १२७. मग इंजेक्शन थांबवलं.

चिठ्ठीवर फक्त 'रात्री १ गोळी' एवढंच होतं. सुरू करण्याआधी, पहिल्या आठवड्यात आणि महिन्याने सोडियम तपासायचं. गोळीआधी एक तास ते नंतर आठ तास पाणी घोटभरच. यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पासष्टीपुढे, त्यात क्लोरथॅलिडोन चालू असताना, हे औषध लिहायलाच नको होतं.

पाचव्या दिवशी आजोबा डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाले होते. घरच्यांनी ऊन लागलं समजून तांब्याभर सरबत दिलं. त्या दिवशी सोडियम किती असेल, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.